राज्यशास्त्राच्या पीएचडीला अर्ज करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांच्या राज्यशास्त्र विभागांत पीएचडीच्या जागा मोजक्याच असतात. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरमध्ये किंवा जानेवारीच्या सुरुवातीला संपते. उत्तम गुण असूनही अर्ज मागे पडतो, तो माझ्या मते बहुतेकदा स्टेटमेंट ऑफ पर्पजमुळे, म्हणजे काय आणि का संशोधन करायचं हे सांगणाऱ्या निवेदनामुळे.

'लहानपणापासून मला राजकारणाची आवड आहे' हे पहिलं वाक्य आधी खोडा. निवड समितीला तुमचा प्रश्न हवा असतो. 'मला लोकशाहीचा अभ्यास करायचा आहे' हा झाला नुसता विषय. 'निवडणूक हरल्यावर काही सत्ताधारी मुकाट्याने पायउतार होतात, काही निकालच मानत नाहीत. हा फरक कशामुळे पडतो?' हा प्रश्न. त्याची एक-दोन संभाव्य उत्तरं मांडा आणि ती कशी तपासाल तेही लिहा: निवडणुकीची आकडेवारी, मुलाखती की अभिलेखागारातली कागदपत्रं? पुढे विषय बदलला तरी कोणी अडवत नाही, त्यामुळे नेमकं लिहायला बिचकू नका.

दुसरी चूक, ज्यांच्याकडे संशोधन करायचं म्हणून निवेदनात लिहिता त्या प्राध्यापकांच्या नावांची. वेबसाइटवरून पाच नावं उचलून चिकटवली, की त्यातले एक निवृत्त आणि एक दुसरीकडे गेलेले निघतात. दोन-तीनच नावं घ्या, पण त्यांचे अलीकडचे लेख वाचून. प्राध्यापकांनी ईमेलला उत्तर दिलं नाही म्हणून खचू नका. अमेरिकेत प्रवेशाचा निर्णय सहसा समिती घेते. ब्रिटनमध्ये मात्र संशोधन आराखडा आणि मार्गदर्शक यांना सुरुवातीपासूनच महत्त्व असतं.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. मंत्र्याच्या किंवा कुलगुरूंच्या औपचारिक पत्रापेक्षा ज्यांनी तुमचा प्रबंध ओळ न् ओळ तपासला, त्या शिक्षकांचं पत्र कितीतरी वजनदार. त्यांना किमान महिनाभर आधी सांगा, सोबत तुमच्या निवेदनाचा मसुदाही द्या.

रायटिंग सॅम्पल (अर्जासोबत द्यायचा स्वतःच्या लेखनाचा नमुना) म्हणून प्रबंधातलं मधलंच प्रकरण तोडून पाठवू नका. स्वतंत्र लेख म्हणून वाचता येईल असं ते नव्याने बांधा. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे नियम विभागागणिक वेगळे आहेत, म्हणून त्या वर्षीची सूचनाच पाहा. अर्जाच्या शुल्कात माफी हवी असेल तर मुदतीच्या बऱ्याच आधी मागा.

आणि प्रवेश मिळाला तरी शिक्षणशुल्काची माफी व स्टायपेंड (निर्वाहभत्ता) किती वर्षं, हे लेखी घेतल्याशिवाय होकार कळवू नका. अर्थसाहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर निर्णय घ्यायला बहुतेक अमेरिकी विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. ती पुरेपूर वापरा.