बाजारातल्या शब्दाचा माग कसा काढायचा

'खरेदी-विक्री' हा जोडशब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. यातला 'खरेदी' फारसीतून आला आणि 'विक्री' संस्कृतातल्या विक्रयावरून. दोन वेगळ्या घरचे शब्द वाटतात. पण फारसीतला 'खरीदन' आणि संस्कृतातला 'क्री' हे एकाच मूळ धातूचे आहेत. इराणी शाखेत 'र'च्या आधीच्या 'क'चा 'ख' झाला, एवढाच फरक. फार जुन्या काळी वेगळे झालेले दोन भाऊ मराठीत एका जोडरेघेच्या दोन टोकांना येऊन उभे राहिले आहेत.

व्यापाराच्या शब्दांत अशा गाठीभेटी पावलोपावली होतात, कारण माल ज्या वाटेने येतो त्याच वाटेने बहुतेक वेळा त्याचे शब्दही येतात. या वाटा शोधायची एक पद्धत आहे. तिला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, तीन-चार कोश आणि घाई न करण्याची तयारी एवढे पुरते.

आधी वही आखा

एकटा शब्द घेऊन बसू नका. एकटा शब्द फसवतो, बारा शब्द मिळून सहसा फसवत नाहीत. म्हणून कोणतीही भाषा घेतली की तिच्यातले हे बारा शब्द आधी गोळा करा: विकत घेणे, विकणे, भाव, दुकान, बाजार, गोदाम, जकात, दलाल, लिलाव, नफा, तोटा, विमा. प्रत्येक शब्दापुढे पाच रकाने ठेवा. लगतचा उगम, म्हणजे शब्द नेमका कोणाच्या तोंडून घेतला. त्याआधीचा उगम. तिथला अर्थ. आजचा अर्थ. आणि शेवटचा रकाना खात्रीचा: पक्के, बहुधा, शंकास्पद. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवला की पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेची वही भरून पाहू. बाजाराला 'सोको' (अरबी सूक), हिशेबाला 'हेसाबु', नफ्याला 'फाइदा', तोट्याला 'हसारा', व्यापाराला 'बिअशारा'. हा शेवटचा शब्द अरबीतल्या 'बैअ' (विक्री) आणि 'शिरा' (खरेदी) यांची जोडी आहे. इथवर सगळे अरबी. आता खालच्या ओळी पाहा: विम्याला 'बीमा', हुंडीला 'हुंडी', लाखाला 'लाकी'. बाजारपेठ आणि हिशेब अरबांकडून घेतले, पण पैसा दूरवर पाठवायची कागदपत्रे आणि मोठ्या रकमेचा आकडा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून. एकोणिसाव्या शतकात तिथल्या झांझिबार बेटावर सत्ता ओमानी सुलतानांची होती आणि जकातीचा मक्ता बरीच वर्षे कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. थोड्याशा ओळींच्या वहीतही ही वाटणी स्पष्ट उमटते.

इंडोनेशियाची भाषा अधिक थरांची आहे. भावाला 'हर्गा', नफ्याला 'लाबा', खर्चाला 'बिआया' हे संस्कृत अर्घ, लाभ आणि व्यय. भांडवलाला 'मोडाल', छोट्या दुकानाला 'कडाइ', गोदामाला 'गुदांग' हे तमिळ किनाऱ्यावरचे. बाजाराला 'पासार' आणि व्यापाऱ्याला 'सौदागार' हे फारसी. दुकानाचा दुसरा शब्द 'तोको' दक्षिण चीनमधल्या होक्किएन बोलीचा. लिलावाला 'लेलांग' पोर्तुगीजांचा, आणि कचेरीला 'कान्तोर' डचांचा. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून कोण कोण गेले त्याची ही हजेरी आहे. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे: 'हर्गा'मधला अर्घ आपल्या 'महाग'मध्येही आहे. महाग म्हणजे महार्घ, ज्याचे मोल मोठे ते.

मग शब्द फोडा

उसना नसलेला शब्द दिसला की तो फोडून पाहा. लोक व्यवहाराकडे कसे पाहतात ते त्याच्या तुकड्यांत दिसते.

'विकत घेणे'पासून सुरुवात करा. मराठीत 'साडी घेतली' म्हटले की ती विकत घेतली असेच समजतात. तुर्कीत 'अल्माक' या एकाच क्रियापदाचे 'घेणे' आणि 'विकत घेणे' असे दोन्ही अर्थ आहेत. लॅटिनमधले 'एमेरे' म्हणजे विकत घेणे, पण त्याचा लिथुआनियन भाऊबंद 'इम्ती' आजही नुसते 'घेणे' सांगतो. 'विकणे' पाहा: संस्कृतात क्री म्हणजे विकत घेणे आणि त्याला 'वि' लावला की विकणे. जर्मनमध्ये काउफेन म्हणजे विकत घेणे आणि फेरकाउफेन म्हणजे विकणे. रचना अगदी तीच, पण धातू वेगळा. रचना सारखी म्हणून शब्द उसना ठरत नाही, हे इथेच लक्षात ठेवा.

जोडशब्दांतला क्रमही टिपून ठेवा. हिंदीत लेन-देन, तुर्कीत 'अलिशवेरिश' (घेणे-देणे), पण मराठीत देवघेव आणि फारसीत 'दाद-ओ-सेतद': देणे आधी. चिनीत 'माइमाइ' म्हणजे खरेदी-विक्री. याच दोन अक्षरांचा क्रम उलटून जपानीत 'बाइबाइ' होतो, विक्री-खरेदी. चिनीतली ही जोडी नवशिक्याला हमखास चकवते, कारण 'माइ' विकत घेणे आणि 'माइ' विकणे यांत फरक फक्त सुराचा आहे: घसरून वर चढणारा सूर घेण्याचा, झपकन खाली येणारा विकण्याचा. त्यांच्या पारंपरिक चित्राक्षरांत तळाशी कवडीचे चिन्ह असते. महाग, स्वस्त, माल, संपत्ती या अर्थाच्या अक्षरांतही तेच. आपण 'कवडीमोल' म्हणतो त्याच कवडीचे.

दुकान आणि बँक या दोन शब्दांत तर बसायची जागाच सापडते. अरबी 'दुक्कान' म्हणजे ओटा किंवा बाक, आणि त्यावर मांडलेले दुकान. इटालियन 'बांको' म्हणजे सराफाचे बाक.

वारांकडे लक्ष द्या

बाजाराचा शब्द शोधताना त्या भाषेतल्या वारांची नावेही तपासा. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि सर्वांत जास्त माल इथेच हाती लागतो.

तुर्कीत 'पाझार' म्हणजे बाजार आणि 'पाझार' म्हणजेच रविवार. सोमवार 'पाझारतेसी', बाजारानंतरचा दिवस. अझरबैजानमध्येही असेच आहे. हंगेरियनमध्ये 'वाशार' म्हणजे जत्रा-बाजार. तोही शब्द मुळात इराणीच, पण फार जुन्या काळी गेलेला, म्हणून त्यात 'ब'ऐवजी जुना 'व' शिल्लक आहे. मध्य फारसीत बाजाराला 'वाझार'च म्हणत. त्याला 'नाप' (दिवस) जोडला की 'वाशार्नाप', म्हणजे रविवार. इथे बाजाराचा दिवस सुट्टीच्या दिवसाचे नाव झाला.

पोर्तुगीजमध्ये बरोबर उलटे घडले. लॅटिन 'फेरिया' म्हणजे सणाची सुट्टी. तिच्यावरून 'फेइरा' झाले, आणि फेइराचा एक अर्थ बाजार-जत्रा असा ठरला. सोमवार ते शुक्रवार या कामाच्या वारांना पोर्तुगीजमध्ये 'सेगुंदा-फेइरा', 'तेर्सा-फेइरा' असे क्रमाने म्हणतात. म्हणजे सुट्टीचा शब्द कामाच्या दिवसांना चिकटला. मोरोक्कोत गावांचीच नावे वारांची आहेत: सूक अल-अरबा (बुधवारचा बाजार), खेमिसेत (गुरुवारवरून). पुण्याच्या पेठा आणि नागपूरची इतवारी, बुधवारी, मंगळवारी ज्यांना माहीत आहेत त्यांना हे वेगळे समजवायला नको. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तर आजही भरतो.

प्रवेशाचे बंदर ओळखा

एकच शब्द दोन बंदरांतून शिरला तर त्याच्या अंगावर वेगवेगळ्या खुणा राहतात. अरबी शब्द युरोपात कुठून गेला हे ओळखायची एक सोपी खूण आहे. स्पेन-पोर्तुगालमार्गे गेलेल्या शब्दांना अरबी 'अल' बऱ्याचदा चिकटलेला राहतो, इटलीच्या बंदरांतून गेलेल्यांना तो सहसा नसतो. साखर स्पॅनिशमध्ये 'असूकार', इटालियनमध्ये 'झुक्केरो'. कापूस 'अल्गोदोन' आणि 'कोतोने'. कोठार 'अल्मासेन' आणि 'मागाझ्झीनो'. शेवटच्या जोडीचे मूळ अरबी 'मखझन', साठवायची जागा, आणि त्याच मूळ धातूचा 'खझीना' आपल्याकडे खजिना म्हणून आला. फ्रेंच 'मागाझां' आणि रशियन 'मागाझीन' म्हणजे दुकान. इंग्रजीत मात्र माहितीचे कोठार या अर्थाने १७३१ मध्ये लंडनच्या एका मासिकाने हे नाव घेतले. घरातल्या रद्दीत पडलेले मॅगझिन आणि खजिना यांचे कूळ एक.

जकातीच्या शब्दांची अदलाबदल तर फारच सुरेख आहे. पूर्वेकडचा 'दिवाण', जो आपल्याकडे दिवाणी कोर्टात आणि दिवाणखान्यात आहे, पश्चिमेला जाऊन इटालियनमध्ये 'दोगाना', फ्रेंचमध्ये 'दुआन' आणि स्पॅनिशमध्ये 'अदुआना' झाला: जकातनाका. आणि पश्चिमेचा लॅटिन 'कोम्मेर्किउम', म्हणजे व्यापार, मध्ययुगीन (बायझंटाइन) ग्रीकमधून तुर्कीत 'ग्युमरुक' आणि फारसीत 'गोमरोक' झाला: जकातच. सीमेवर उभ्या राहिलेल्या दोन्ही बाजूंनी समोरच्याचाच शब्द उचलला.

बंदर ओळखताना ध्वनी हाच साक्षीदार माना, इतिहासाची अटकळ नको. स्वाहिलीतला 'बीमा' घ्या. पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापारी फार, म्हणून तो गुजरातीतून गेला असे लिहायचा मोह होतो. पण गुजरातीत 'वीमो' आणि मराठीत 'विमा' आहे, दोन्हीकडे 'व'. स्वाहिलीला 'व' उच्चारायची अडचण नाही. मग 'ब' कुठून आला? 'ब' जुळतो हिंदुस्तानीतल्या, म्हणजे हिंदी-उर्दूतल्या 'बीमा' या रूपाशी. गुजरातीचा दावा करायचा तर या 'ब'चे उत्तर आधी द्यावे लागेल.

इथे हमखास चुकते

पहिली चूक सारख्या उच्चाराची. बँकेतल्या चेकचे मूळ अरबी 'सक्क' आहे असे छातीठोकपणे लिहिलेले सापडते, कारण सक्क म्हणजेही पैसे देण्याचे लेखी वचन. इंग्रजी शब्दाचा लिखित माग मात्र वेगळीकडे नेतो: चेक म्हणजे पडताळा, त्यामागे बुद्धिबळातला शह, आणि त्यामागे फारसी 'शाह'. अर्थ जुळला, उच्चार जुळला, तरी मधल्या पायऱ्या लेखी सापडेपर्यंत वहीत 'शंकास्पद' लिहा.

दुसरी चूक अर्थ स्थिर धरण्याची. अरबी 'ताजिर' म्हणजे व्यापारी, स्वाहिली 'ताजिरी' म्हणजे श्रीमंत. इंग्रजी 'चीप' एके काळी सौदा आणि बाजार या अर्थाचा होता, लंडनचा चीपसाइड रस्ता त्याचीच आठवण. त्याचे मूळ लॅटिन 'काउपो', म्हणजे खानावळवाला आणि किरकोळ विक्रेता. रोमन सैन्यामागे फिरणाऱ्या या माणसाचे नाव जर्मन काउफेनमध्ये, रशियन 'कुपीत'मध्ये, फिनिश 'काउप्पा'मध्ये आणि कोपनहेगनमध्ये (व्यापाऱ्यांचे बंदर) उरले आहे. आणि 'तारीफ' पाहा. अरबी 'तअरीफ' म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. आपण त्याचे कौतुक केले, इटालियन व्यापाऱ्यांनी जाहीर दरपत्रक केले आणि त्याचा टॅरिफ झाला.

तिसरी चूक लगतचा उगम हाच शेवटचा समजण्याची. 'लिलाव' पोर्तुगीज 'लेइलांव'वरून आला हे बरोबर. पण तो पोर्तुगीजमध्ये अरबीतून गेला, 'इअलाम' म्हणजे जाहीर सूचना. हिंदीत पहिल्या 'ल'चा 'न' होऊन 'नीलाम' झाले. 'दाम' आपण संस्कृत द्रम्मवरून सांगतो, पण द्रम्म म्हणजे ग्रीक 'द्राख्मे', आणि अरबी दिरहमही तोच.

कोश कोणते आणि कोणत्या क्रमाने

मराठी शब्दासाठी आधी मोल्सवर्थ उघडा, १८५७ ची दुसरी आवृत्ती. शब्दापुढच्या कंसात संस्कृत, अरबी, फारसी, पोर्तुगीज अशी खूण असते. ती फक्त लगतच्या उगमाची समजा. मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, बोलीतली रूपे आणि वापराच्या उदाहरणांसाठी. मग कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश. शब्द संस्कृताकडे जात असेल तर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. यांतले मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि टर्नर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. टर्नरमध्ये शब्द संस्कृत रूपाखाली असतो. म्हणून 'महाग' शोधून मिळाला नाही तर 'महार्घ' शोधा.

सतराव्या शतकात एखादा फारसी शब्द मराठी मुलखात रुळला होता का हे पाहायचे असेल तर शिवकाळातला राज्यव्यवहारकोश उघडा. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी तो रचला आणि त्याचा दहावा, शेवटचा वर्ग 'पण्यवर्ग' आहे, म्हणजे बाजाराचाच. शब्द त्यात सापडला तर तो तेव्हा चालू होता हे पक्के. नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. खात्रीच्या रकान्यात तसेच लिहा आणि पुढच्या ओळीकडे वळा.