अकरावीला जर्मन घेतलंय? मग या चुका टाळा

अकरावीत जर्मन का घेतलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘मॅम, स्कोअरिंग आहे.’ मार्क मिळतातही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बारावीला घसघशीत मार्क घेतलेला मुलगा जर्मन माणसासमोर उभा राहिला की तोंडाला कुलूप, हे दर वर्षी बघते. त्याच त्या चुका तपासून लाल पेनं संपली, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिला मान वहीतल्या देवनागरीला. प्रत्येक जर्मन शब्दाखाली मुलं पेन्सिलीनं उच्चार लिहितात, आणि आठवड्याभरात डोळे फक्त ती पेन्सिलच वाचायला लागतात. ‘श्योन’ म्हणजे सुंदर, ‘शोन’ म्हणजे आधीच, झालेलंच. मूळ लिपीत फरक आहे तो ‘ओ’वरच्या दोन टिंबांचा. ते टिंबवालं अक्षर म्हणताना ओठ ओ म्हणायला गोल करायचे आणि आत ए म्हणायचं. हे देवनागरीत बसतच नाही. (या लेखात मला तेच करावं लागतंय, आणि बघा, ते किती अपुरं आहे.) मग परीक्षेत टिंबं गळतात आणि ‘घर सुंदर आहे’च्या जागी भलतंच काहीतरी येतं. मी पहिल्याच दिवशी वहीतली पेन्सिल खोडायला लावते. उच्चार हवा असेल तर धड्याचं रेकॉर्डिंग ऐका, थांबवा, मोठ्यानं म्हणा. घरचे हसले तर हसू देत.

दुसरी चूक म्हणजे नाम एकटं पाठ करणं. टिश म्हणजे टेबल, लांपं म्हणजे दिवा, बूख म्हणजे पुस्तक, झालं पाठ! नाही झालं. डेर टिश, डी लांपं, डास बूख असं जोडीनंच डोक्यात गेलं पाहिजे; नामाआधीचे डेर, डी, डास म्हणजे आपले तो, ती, ते. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून येतं, त्यामुळे नामाला तीन लिंगं असतात हे मराठी मुलाला समजवावं लागत नाही. ही केवढी सोय आहे! पण म्हणून मराठीचं लिंग तिकडे चालेल असं समजू नका. आपला सूर्य तो, त्यांची झोनं मात्र ‘डी’, म्हणजे ती. आणि मुलगी, मेट्शन, चक्क ‘डास’, कारण शेवटी ‘शन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगीच होतो. ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ शेवटी असेल तर डी. एवढे नियम पक्के, बाकी पाठांतर. माझ्या वहीत डेर निळा, डी लाल, डास हिरवा. बालिश वाटतं, पण पुढच्याच धड्यात द्वितीया विभक्ती येते आणि पुल्लिंगी डेरचा ‘डेन’ होतो. टिश डेर आहे हेच माहीत नसेल तर ‘मी टेबल विकत घेतो’ एवढं साधं वाक्यही अडतं.

आता माझा सगळ्यात आवडता गोंधळ, वेळेचा. ‘हाल्ब झीबन’ म्हणजे साडेसहा. साडेसात नव्हे. सातच्या तासातला अर्धा झाला, असा तो हिशोब. मुलं मात्र इंग्रजी ‘हाफ पास्ट’च्या वाटेनं जातात आणि एक तास उशिरा पोचतात. माझा दहावीतला एक विद्यार्थी विद्यार्थ्यांच्या एक्स्चेंजमध्ये जर्मनीत हानोफरजवळ एका घरी राहिला होता. सकाळी त्या घरातल्या आईनं सांगितलं, हाल्ब झीबनला जेवायला ये. हा सव्वासातला हजर, वर पंधरा मिनिटं आधी आलो म्हणून खूश. टेबलावर पाव, चीज, काकडीच्या चकत्या, आणि भोवती अख्खं घर न जेवता बसलेलं. कोणी चकार शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! तेव्हा त्या बाईंनी त्याला भिंतीवरच्या घड्याळापाशी नेलं आणि मोठा काटा सहाच्या आकड्यावर बोटानं दाबून दाखवला. मी वर्गात वेळ आकड्यांत लिहूच देत नाही, काटे फिरवून विचारते. आणि शंका आलीच तर रेल्वेच्या भाषेत खात्री करून घ्या: ‘आख्ट्सेन ऊर द्रायसिश?’ म्हणजे १८.३०.

आकड्यांचंही तसंच. ४५ जर्मनमध्ये ‘पाच आणि चाळीस’ असा म्हणतात. पंचेचाळीसमध्येही पाच आधीच येतात, त्यामुळे खरं तर आपल्याला हे सोपं जायला हवं. पण हल्ली मुलं मलाच विचारतात, ‘पंचेचाळीस म्हणजे फॉर्टीफाइव्ह ना?’ मग श्रवणाच्या परीक्षेत फोन नंबर उलटे लिहिले जातात. आजीकडून शंभरपर्यंत मराठी आकडे घोकून घ्या, जर्मनचा गृहपाठ समजून.

बाकीच्या चुका फटाफट. वाक्य ‘उद्या’नं सुरू झालं तरी क्रियापद दुसऱ्याच जागी येतं, आधी ‘मी’ घुसवू नका. नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल, वाक्यात कुठेही असो. शिक्षकांना पत्रात ‘डू’ (तू) लिहू नका, ‘झी’ (तुम्ही) लिहा. आपण सरांना अरे-तुरे करतो का? आणि निबंध मोबाइलच्या भाषांतरातून उतरवलात तर मला पहिल्या ओळीत कळतं, कारण तुम्ही न शिकलेला काळ त्यात बिनचूक असतो.

शेवटी पालक. बारावीच्या जानेवारीत फोन येतो: ‘जर्मनीला पाठवायचंय, दोन महिन्यांत बी१ होईल ना?’ बी१ म्हणजे जर्मनच्या सहा पातळ्यांतली तिसरी, पहिली ए१. या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचा स्वतःचाच अंदाज बी१पर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिकांचा आहे. दोन महिन्यांत बसवून बघा. बी१ची वाचन, श्रवण, लेखन, संभाषण ही चार मॉड्यूल वेगवेगळी देता येतात आणि प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात. त्यामुळे अकरावीपासून नीट सुरुवात केली असेल तर आधी वाचन आणि श्रवण उरका, संभाषणाला थोडा वेळ घ्या. आणि जानेवारीतच पहिल्यांदा पुस्तक उघडत असाल तर त्या वर्षी ए१ द्या.