खाडीकाठच्या घरासमोर होडी लावायची परवानगी: तयारीची यादी

सातबारा, आठ-अ, फेरफार हे काढून ठेवालच. खरं काम मोजणीचं. भूमी अभिलेखकडे हद्द कायम करण्याचा अर्ज करा आणि त्याच नकाशावर भरतीरेषा, म्हणजे उधाणाचं पाणी जिथवर चढतं ती रेषा, उतरवून घ्या. वेगळ्या कागदावर नको, त्याच नकाशावर. आमच्या पहिल्या अर्जात ही रेषा नव्हती, म्हणून तो पहिल्याच टेबलावर अडला.

कारण सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा खाडीचा तळ सरकारचा. काठावर घर आहे म्हणून समोरचं पाणी आपलं होत नाही. मिळते ती परवानगी, आणि तुमची हद्द त्या रेषेला भिडते की नाही हे परवानगी देणारे आधी विचारतात. कोकणात पुष्कळदा ती भिडत नाही. मधे खारबंदिस्तीचा, म्हणजे खारं पाणी अडवणारा, बांध असतो, जुनी पायवाट असते, सरकारी पड असते. तसं निघालं तर आधी तिथून जाण्यायेण्याची लेखी सोय करा. आजोबांपासून होडी इथेच लागते, हे खरं असलं तरी त्याने नकाशाची जागा भरून निघत नाही.

उधाणाचं पाणी अंगणाच्या कुठल्या दगडाला लागतं ते तुम्हाला पाठ असेल. ते चालत नाही. रेषा अधिकृत संस्थेनेच आखलेली हवी, नकाशा 1:4000 चा हवा, आणि गट नंबर त्यावर वाचता आला पाहिजे. पुन्हा सांगतो: हद्द आणि भरतीरेषा, एकाच नकाशावर.

कांदळवनाला, म्हणजे खारफुटीला, हात लावू नका, वाटेपुरतासुद्धा नाही. 2019 च्या सीआरझेड (सागरी किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ते सर्वांत कडक गटात येतं, आणि 1,000 चौरस मीटरहून मोठं असेल तर भोवतीचा 50 मीटर पट्टाही. त्याच चिखलात बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात, जाळी लागतात. त्यांच्याशी आणि मच्छीमार सोसायटीशी आधी बोला. आक्षेप आल्यावर नव्हे.

पाण्याची खोली अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला मोजा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओहोटीलाही पाणी राहतं, मोजमाप फसतं आणि मग होडी चिखलात बसते.

खाडी राष्ट्रीय जलमार्ग आहे का ते बघा. दाभोळ खाडी-वाशिष्ठी क्रमांक 28, जयगड खाडी-शास्त्री क्रमांक 91. असेल तर अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणालाही विचारावं लागेल. एरवी महाराष्ट्र सागरी मंडळाचे स्थानिक बंदर अधिकारी आणि सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. फाइल देण्याआधी नकाशा उघडून बघा, रेषा आहे ना?

पुढचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचं पत्र. साधं मचाण की पक्का धक्का ते आधीच ठरवा, मधे बदललं तर कागद पुन्हा. होडीची नोंदणी, विमा, लाइफ जॅकेट. पावसाळ्यात होडी वर ओढायला जागा. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह. परवानगीची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा.