ॲडिटिव्ह टाकल्यावर ऑइलचा दिवा लागला? या क्रमाने तपासा

इंजिन ऑइलमध्ये फ्लश (इंजिन आतून साफ करणारे द्रावण), लीक बंद करणारे किंवा ऑइल घट्ट करणारे ॲडिटिव्ह टाकले आणि काही दिवसांतच डॅशबोर्डवर ऑइलचा इशारा आला, तर आधी दिव्याचा रंग पाहा. बहुतेक गाड्यांत ऑइलच्या किटलीचे लाल चिन्ह म्हणजे ऑइलचा दाब कमी झाला आहे, आणि पिवळे चिन्ह म्हणजे ऑइलची पातळी खाली गेली आहे. आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा, कारण दोन्ही इशाऱ्यांवर करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. ‘गॅरेज जवळच आहे, तेवढे जाऊ’ हा विचार इथे महागात पडतो. हा दिवा लावणारा प्रेशर स्विच साधारण ०.३ ते ०.५ बार इतक्या कमी दाबाला काम करतो, म्हणजे दिवा पेटेपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, बेअरिंगमध्ये ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन कामातून जाऊ शकते. पिवळ्या दिव्याला एवढी घाई नसते, पण पातळी त्याच दिवशी तपासा.

पायरी १: डिपस्टिक, पण नीट

गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन गरम असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे वरचे ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरेल. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. दोन्ही बाजूंना वेगळी पातळी दिसली तर खालची खरी धरा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते.

आता हिशोब करा. ऑइल आधीच वरच्या खुणेपर्यंत होते आणि त्यावर ४०० मिलीचा कॅन ओतला, तर पातळी खुणेच्या बरीच वर जाते. अशा वेळी फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला लागू शकतो, मग ऑइल घुसळले जाते आणि फेस होतो. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, त्यामुळे पंपाला दाब नीट तयार करता येत नाही. म्हणजे ऑइल जास्त असूनही दाबाचा दिवा लागू शकतो. डिपस्टिकवर बुडबुडे दिसत असतील तर हे कारण जवळपास पक्के समजा. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजने जादा ऑइल ओढून काढा.

पातळी खाली असेल तर गाडीला सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घाला, एका वेळी २५० मिली. थोडे थांबून परत मोजा. नुकतेच ऑइल बदलले असेल तर आणखी एक शक्यता आहे: नवा फिल्टर स्वतः थोडे ऑइल पिऊन घेतो, त्यामुळे पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर पातळी उतरते.

पायरी २: ऑइल गेले कुठे?

फ्लशमध्ये साफ करणारी रसायने असतात. जुन्या इंजिनात झिजलेल्या सीलभोवती (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्यांभोवती) गाळ घट्ट बसून गळती थोपवून धरतो. फ्लशने तो गाळ निघाला की आधी न दिसणारी गळती सुरू होते. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा. ड्रेन प्लग (ऑइल काढायचा खालचा बोल्ट), फिल्टरची बैठक, व्हॉल्व्ह कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) कड आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा क्रँक सील, इथे आधी हात फिरवा. डाग नाही पण सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर ऑइल आत जळते आहे.

पायरी ३: ऑइलचा वास आणि चिकटपणा

डिपस्टिकवरचे ऑइल दोन बोटांत चोळा. पाण्यासारखे पातळ लागले किंवा पेट्रोल-रॉकेलसारखा वास आला, तर बहुधा फ्लश आतच राहिला आहे किंवा इंधन ऑइलमध्ये उतरते आहे. फ्लश हे बहुतांशी पातळ करणारे द्रावण असते. कॅनवर लिहिल्याप्रमाणे, साधारण १० ते १५ मिनिटे, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालवायचे आणि लगेच सगळे ऑइल काढून टाकायचे, एवढेच त्याचे काम. त्यावर गाडी चालवत राहिलात तर पातळ ऑइल बेअरिंगमधून चटकन निसटते आणि दाब पडतो. इथे उपाय एकच: ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पातळ ऑइल घट्ट करायला दुसरे ॲडिटिव्ह मुळीच घालू नका. चांगल्या ऑइलमध्ये गाळ धुणारे, झीज रोखणारे आणि फेस मोडणारे घटक मोजून घातलेले असतात. वरून दोन-तीन रसायने पडली की ते प्रमाण बिघडते, आणि मग दोष शोधणेही अवघड होते.

पायरी ४: जाळी तुंबली का?

फ्लशचा सर्वात मोठा धोका हा आहे. ऑइल भरायचे झाकण काढून आत पाहा. काळा, लोण्यासारखा थर दिसला तर आतल्या गाळाचे गठ्ठे सुटून चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर बसलेले असू शकतात.

ओळखायची खूण अशी: इंजिन चालू करताना दिवा विझतो, पण काही अंतर गेल्यावर किंवा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वाढवल्यावर लुकलुकतो. गाडी थोडा वेळ बंद ठेवली की गाळ जाळीवरून खाली पडतो आणि पुन्हा काही वेळ सगळे ठीक वाटते. याउलट गरम इंजिनाच्या आयडलला दिवा लागतो आणि आरपीएम वाढवले की विझतो, तर ऑइल पातळ झाले आहे किंवा बेअरिंग झिजली आहेत. हा फरक मेकॅनिकला आवर्जून सांगा, त्याचा बराच वेळ वाचेल.

जाळी तुंबली असेल तर चेंबर उतरवून ती हाताने साफ करावी लागते, आणि पिकअप पाइपची (जाळीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या नळीची) ओरिंग, म्हणजे रबरी कडी, बदलावी लागते. कडक झालेल्या जुन्या ओरिंगमधून पंप हवा ओढतो. पुन्हा फ्लश मारू नका, आणखी गाळ सुटेल.

पायरी ५: स्विच आणि गेज

पातळी बरोबर आहे, ऑइलही ठीक आहे, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) टकटक आवाज नाही, तरी लाल दिवा जात नाही? मग स्विचचा संशय घ्या. कनेक्टरमध्ये ऑइल झिरपले आहे का पाहा. एका तारेच्या साध्या स्विचमध्ये, इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना कनेक्टर काढला की दिवा विझतो. विझला नाही तर तार कुठेतरी बॉडीला लागते आहे. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांना ही युक्ती लागू पडत नाही, तिथे स्कॅनर लावा.

पण स्विच खराब ठरवण्याआधी खरा दाब मोजलाच पाहिजे. स्विच काढून त्याच चुडीचा (आट्यांचा) यांत्रिक गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, लावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचा. दर १००० आरपीएमला सुमारे ०.७ बार, म्हणजे १० पीएसआय, हा ढोबळ अंदाज आहे. अंतिम आकडा त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलचाच. थंड इंजिनात ऑइल घट्ट असते, त्यामुळे दाब फसवा जास्त दिसतो.

पिवळा दिवा पातळी योग्य असूनही जात नसेल, तर चेंबरमधल्या लेव्हल सेन्सरवर गाळ बसलेला असू शकतो. काही गाड्यांत पातळी भरल्यावर बॉनेट उघडूनच किंवा मेनूतून रिसेट करूनच इशारा जातो.

पायरी ६: ऑइल बदलताना

गरम इंजिनातून १५-२० मिनिटे निथळू द्या. ड्रेन प्लगला नवा वॉशर घाला. फिल्टरच्या रबराला ऑइल लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळा. सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी ऑइल भरा आणि रेस न देता इंजिन चालू करा. काही सेकंदांत लाल दिवा विझायला हवा. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करा. विझला तर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी मोजून उरलेले ऑइल भरा.

जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या पसरून बघा. मऊ काळे कण म्हणजे कार्बन. चमकणारे कण म्हणजे धातू, आणि मग बेअरिंग तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. गाळ बराच निघाला असेल तर पुढचे दोन-तीन ऑइल बदल २००० ते ३००० किलोमीटरवर करा. गाळ असाच हळूहळू निघू द्यावा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि मग दर आठवड्याला डिपस्टिक पाहून पातळी लिहून ठेवा. ॲडिटिव्हचा रिकामा कॅन फेकू नका. गॅरेजला जायची वेळ आली तर तो सोबत न्या, आणि किती मिली टाकले, त्यानंतर किती किलोमीटर चालवली हेही सांगा.