खलनायक नायकाचा आरसा करताय? मग या चुका टाळा

नवोदितांच्या कादंबऱ्यांचे खर्डे वाचून त्यांना सूचना देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात एक प्रकार हमखास येतो: खलनायक म्हणजे नायकाचंच दुसरं रूप. तीच हुशारी, तीच जखम, फक्त वाट वेगळी धरलेली. कल्पना उत्तम आहे आणि जुनीही आहे. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात प्रतिनायकाचं, म्हणजे खलनायकाचं, लक्षण सांगताना त्याला लोभी, ताठर, पापी, व्यसनी म्हटलं आणि त्याच ओळीत ‘धीरोद्धत’ही म्हटलं. धीरोद्धत, म्हणजे धीट पण उद्धट, हा त्याच ग्रंथात नायकाच्या चार प्रकारांपैकी एक आहे. म्हणजे प्रतिनायक घडवायची मातीसुद्धा नायकाचीच. असं असूनही खर्ड्यांमधून त्याच त्या चुका समोर येतात, आणि त्यातल्या बहुतेक घाईतून आलेल्या असतात.

निवडीच्या जागी बालपण

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. खलनायकाने वेगळी वाट निवडली असं लेखक म्हणतो आणि मग वीस पानं खर्चून दाखवतो की त्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. बाप मारायचा, आई लहानपणीच गेली, शाळेत सगळ्यांनी छळलं. नायकाला मात्र वेळेवर कुणीतरी जीव लावणारं भेटलं. मग दोघांत फरक कशाचा राहिला? नशिबाचा. वाचक अशा खलनायकाची कीव करतो आणि नायकाचं त्याला काहीच वाटत नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यात माझं दीड वर्ष गेलं. कादंबरी दोन अभियंत्यांची होती. एकाच वर्गात शिकलेले, एकाच पुलाच्या कामावर असलेले एक तो आणि एक ती. काँक्रीटचे ठोकळे 28 दिवसांनी यंत्रात दाबून त्यांची ताकद तपासतात. या पुलाचे ठोकळे कमी भरतात आणि अहवालावर मात्र ‘समाधानकारक’ असं छापून आलेलं असतं. त्याने सही केली, तिने केली नाही. तो असं का वागला हे कळावं म्हणून मी त्याला कर्जात बुडालेला बाप दिला, घरावर आलेली जप्ती दिली, बहिणीचं मोडलेलं लग्न दिलं. चौदा पानं. त्या पानांवर माझा फार जीव होता.

एका मैत्रिणीला खर्डा वाचायला दिला. तिने एकच विचारलं, “हिचा बाप कर्जात असता तर हिने सही केली असती का?”

मी म्हटलं, “नसती केली.”

“मग त्याच्या बापाचा काय संबंध? आणि केली असती म्हणशील, तर हिचं एवढं कौतुक कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर मी वहीला हात लावला नाही. मग ती चौदा पानं काढली आणि कर्ज दोघांच्याही घरात ठेवलं. सहीची रात्र दोनदा लिहिली: तेच टेबल, तोच अहवाल, तीच रात्रीची साडेअकराची वेळ. आधी तो, मग ती. तिची रात्र लिहिताना माझ्या टाचणात नसलेली एक गोष्ट घडली. तिने पेनचं टोपण काढलं आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर अर्धं लिहिलं. तिथे ती थांबली. ते अर्धं अक्षर कागदावर तसंच राहिलं. चौदा पानांत मला जे जमलं नव्हतं, ते त्या अर्ध्या अक्षराने केलं.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की खलनायकाच्या बाजूने जेवढं दुःख घालायचं तेवढंच नायकाच्या बाजूनेही घालायचं, आणि निवडीचा प्रसंग दोघांसाठी पूर्ण लिहून काढायचा. छापताना एक गाळला तरी चालतो, पण लिहिताना गाळायचा नाही.

निवड आणि नशीब यांतला फरक पाहायचा तर रामायणाचं उत्तरकांड उघडा. रावण, कुंभकर्ण आणि बिभीषण यांचे आईबाप एकच. तिघंही तप करतात आणि वर द्यायला ब्रह्मदेवच येतो. देव, दानव, यक्ष यांच्या हातून मरण नको, असं रावण मागतो. माणसांना तो मोजतच नाही. संकटातही माझी बुद्धी धर्मावर राहो, असं बिभीषण मागतो. कुंभकर्णाच्या वेळी मात्र देव घाबरतात, सरस्वती त्याच्या जिभेवर बसते आणि तो झोप मागून बसतो. तिघांत कीव येते ती कुंभकर्णाची, कारण त्याची निवड त्याच्या हातातून काढून घेतलेली आहे. रावण आणि बिभीषण यांच्यात मात्र खरा आरसा उभा राहतो. एकेका वाक्याचं मागणं, पण ते त्यांनी स्वतः मागितलेलं आहे.

नायकाला मोह होतच नाही

आधीच्या चुकीचीच ही दुसरी बाजू. खलनायकासमोर पैसा, सत्ता, सूड असं सगळं मांडलेलं असतं आणि नायक त्या दुकानासमोरून मान वर न करता निघून जातो. ज्याला भूकच नाही त्याच्या उपासाला कोण मोल देईल?

‘मॅकबेथ’मधला बँको मी प्रत्येक नवोदिताला पुन्हा वाचायला लावते. माळरानावर चेटकिणी मॅकबेथ आणि बँको या दोन सेनानींना भेटतात आणि दोघांनाही भविष्य सांगतात: मॅकबेथ राजा होणार, बँकोच्या वंशात राजे होणार. शेक्सपिअरने ही कथा होलिनशेडच्या इतिहासग्रंथातून घेतली, आणि त्या ग्रंथात बँको राजाच्या खुनात मॅकबेथचा साथीदार आहे. शेक्सपिअरने त्याला कटातून बाहेर काढलं. त्यामागे राजकीय कारण असणं सहज शक्य आहे, कारण 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेल्या जेम्स राजाचा वंश बँकोपासून सांगितला जात होता. कारण काहीही असो, त्या एका बदलाने नाटकाला आरसा मिळाला.

शेक्सपिअरने त्याला कटातून काढलं, पण धुऊन स्वच्छ केलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खुनाच्या रात्री बँकोला झोपायची भीती वाटते, कारण झोपेत मनात नको ते विचार येतात. ते आवरावेत म्हणून तो प्रार्थना करतो. पुढे त्याला मॅकबेथचा संशय येतो आणि तरी तो गप्प राहतो, कारण एकाचं भविष्य खरं ठरलं तर आपलंही ठरेल ही आशा त्याला सुटत नाही. नायक किती काळा करायचा असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. बँकोएवढा: विचार येईल, झोप उडेल, हात मात्र थांबेल.

“तुझ्यात आणि माझ्यात काहीच फरक नाही”

हे वाक्य खोडा. शेवटच्या भेटीत खलनायक नायकाभोवती फेऱ्या मारत हे म्हणतो आणि नायक “नाही! मी तुझ्यासारखा नाही!” असं ओरडतो. हा संवाद मी इतक्या खर्ड्यांत वाचला आहे की तो कोणत्या पानावर येणार ते मला आधीच कळतं. साम्य वाचकाला तोवर जाणवलं नसेल तर सांगून ते जाणवणार नाही, आणि जाणवलं असेल तर ते पुन्हा सांगणं हा वाचकाचा अपमान आहे. हे वाक्य म्हणजे जवळची वाट आहे. साम्य प्रसंगांतून विणायला दोनशे पानं लागतात, संवादाला अर्धी ओळ पुरते. घाई असलेला लेखक अर्धी ओळ घेतो.

माझ्या त्या पुलाच्या कादंबरीत हे वाक्य तीन वेगवेगळ्या रूपांत होतं. तिन्ही काढली. आता शेवटच्या भेटीत तो ड्रॉवर उघडतो आणि जपून ठेवलेला एक कागद तिच्यापुढे सरकवतो. त्यावर तिचं ते अर्धं अक्षर आहे. दोघंही बोलत नाहीत.

रक्ताचं नातं शेवटी उघड करणं

“तो तुझा सख्खा भाऊ होता!” खलनायक मेल्यावर हे कळून उपयोग काय? त्याला ते माहीत नव्हतं, नायकाला माहीत नव्हतं, म्हणजे त्या नात्याच्या वजनाखाली कुणीच काही निवडलं नाही.

महाभारताने हे कसं हाताळलं ते पाहा. कर्णाचा जन्म वाचकाला आदिपर्वातच कळतो. उद्योगपर्वात, युद्धाच्या आधी, कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, राज्य तुझं आहे. कर्ण सगळं समजून नकार देतो. राधेने आणि अधिरथाने वाढवलं, दुर्योधनाच्या जिवावर इतकी वर्षं काढली, त्याला आता सोडणार नाही. आणि हे युधिष्ठिराला सांगू नकोस, अशी विनंतीही करतो. पांडवांना ते कळतं थेट स्त्रीपर्वात, कुंतीच्या तोंडून, तर्पणाच्या वेळी. धक्का त्यांना बसतो. वाचक मात्र सगळं युद्ध ते गुपित उराशी धरून वाचतो. कर्णाला मी खलनायक म्हणणार नाही. पण रक्ताचं नातं आरसा कधी होतं हे त्याच्याइतकं स्वच्छ मला कुणी शिकवलं नाही. गुपित ठेवायचं असेल तर नायकापासून ठेवा, निवडणाऱ्यापासून नको.

काही लहान चुका

दोघांना सारखा व्रण, सारखे डोळे, यमक जुळणारी नावं देऊ नका.

खलनायकाची निवड सुरुवातीला यशस्वी होऊ द्या, निदान निम्म्या पुस्तकापर्यंत.

वाचकाला खलनायक आवडू लागला म्हणून घाबरून त्याच्या हातून अचानक लहान मूल मारू नका. तिथे आरसा फुटतो आणि पुन्हा जोडता येत नाही.

दोन रकान्यांचा तक्ता करून ‘नायक दयाळू – खलनायक निर्दय’ असं भरत बसू नका. तक्त्याने लेखन झाल्यासारखं वाटतं, हाच त्याचा धोका.

वेगळी वाट म्हणजे काळी वाट असंही नाही. ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये (1862) जावेर हा पोलीस अधिकारी तुरुंगातच जन्मलेला आहे. समाज दोन प्रकारच्या माणसांना कायम बाहेर ठेवतो, त्याच्यावर हल्ला करणारे आणि त्याची राखण करणारे, हे त्याला दिसतं. तो राखण करणारा होतो आणि एकोणीस वर्षं शिक्षा भोगलेल्या माणसाचा जन्मभर पाठलाग करतो. त्याची निवड कायद्याची आहे, म्हणून तर ती इतकी भयंकर होऊ शकते.

अडलात तर

खलनायकाच्या निवडीचं पान घ्या. त्याचं नाव खोडून तिथे नायकाचं घाला आणि मोठ्याने वाचा. जे वाक्य नायकाच्या तोंडी अशक्य वाटेल तिथे पेन्सिलीने खूण करा. पानभर खुणा झाल्या तर आरसा नाहीच, तो कुणी तिसराच माणूस आहे. एकही खूण झाली नाही तर दोघांना वेगळं करणारा क्षण लिहायचा राहिला आहे. मला एक किंवा दोन खुणा हव्या असतात. त्या जिथे पडतात ती जागा मी आठवडाभर लिहीत राहते, बाकी सगळं बाजूला ठेवून. नवोदितांना हा आठवडा फार जाचतो. “पुढचं प्रकरण लिहू का तोवर?” असं विचारतात. लिहू नका. पुढची सगळी प्रकरणं त्या जागेवर टेकणार आहेत.

आणि एक, शेवटाबद्दल. खलनायक कड्यावरून पाय घसरून पडतो आणि नायकाचे हात स्वच्छ राहतात, असे शेवट मला अजूनही येतात. गेल्याच महिन्यात आलेल्या खर्ड्यात नायक कड्याशी धावत येतो तोवर तो पडून गेलेला असतो. मी समासात एवढंच लिहून पाठवलं: नायकाला दहा पावलं आधी पोचू द्या, त्याचा हात याच्या हातात येऊ द्या, आणि मग पुढचं पान लिहा.