परदेशी ट्रेकला स्टोव्ह नेताना

बेळगाव-खानापूरकडून नेपाळ किंवा युरोपात ट्रेकला निघालेल्यांनो, तिकडे कोणतं इंधन मिळतं ते आधी बघा, मग स्टोव्ह घ्या. गॅसचा डबा विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. सांबरा विमानतळावरच काढून ठेवावा लागेल. काठमांडूत थामेलच्या दुकानांत आट्यांचा, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून बसवायचा गॅसचा डबा सहज मिळतो. फ्रान्समध्ये मात्र खटक्याने बसणारे डबेही खूप चालतात, त्यांवर आट्यांचा स्टोव्ह बसत नाही. अडॅप्टर जवळ असू द्या.

थंडीचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. डब्यात द्रवरूपात भरलेल्या नुसत्या ब्युटेनचा शून्य अंशाच्या आसपास वायू होणंच थांबतं आणि ज्योत मरते. आयसोब्युटेन उणे 12 च्या जवळपास तग धरतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत. म्हणून या गॅसच्या मिश्रणाचाच डबा मागा. पहाटे तो जॅकेटच्या आत धरून ऊबदार करा, आगीजवळ कधीही नेऊ नका. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रॉकेल-पेट्रोलचा वापरलेला स्टोव्ह इंधनाच्या नुसत्या वासावरूनही विमानतळावर अडू शकतो. निघण्याआधी घरच्या अंगणात एकदा चहा करून बघा, भीमगडच्या जंगलात नको.