जुनी एसयूव्ही घेतलीत? ऑफ-रोडसाठी बदल करण्याआधी या चुका टाळा

गाडी नावावर झाली की पहिल्याच आठवड्यात मनात यादी सुरू होते. उंच सस्पेन्शन, मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र), छतावर रॅक. या यादीत वाईट काही नाही, पण बहुतेकांचा क्रम चुकतो. क्रम चुकला की पैसे दोनदा जातात, एकदा बसवायला आणि एकदा काढायला. सेकंड हँड गाडीत त्यावर आणखी एक भर पडते: आधीच्या मालकाने तिला कुठे आणि कशी चालवली, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने गाडीवर नवीन काही चढवूच नये, असं माझं ठाम मत आहे. आहे तशी कच्च्या रस्त्यावर न्यावी, ती कुठे अडते ते पाहावं, आणि मग पाकिटाला हात घालावा.

तपासणीआधीच सामान मागवणं

मी घेतलेली गाडी नऊ वर्षं जुनी होती. इंजिन शांत, गिअर मऊ, आतून स्वच्छ. मागच्या डिफरन्शियलचं (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) तेल बदलायला खाली शिरलो. आधी वरचा, तेल भरायचा नट सैल केला. (हा नट नेहमी आधी उघडून पाहा. खालून सगळं तेल सोडल्यावर वरचा नट जाम निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.) मग खालचा नट काढला, आणि तेलाऐवजी करडट, दुधाळ पातळ द्रव भांड्यात पडायला लागला. तेलात पाणी गेलं होतं.

हे होतं कसं? लांब चालून डिफरन्शियल तापतं. गाडी थंड पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. त्यासाठी वर ब्रीदर नावाची बारीक वाट ठेवलेली असते. ती चिखलाने बुजलेली असेल, किंवा तिचं तोंडच पाण्याखाली गेलं असेल, तर पाणी आत जातं. माझ्या गाडीचा ब्रीदर पूर्ण बुजला होता. दोनदा तेल घालून धुऊन काढलं, सील आणि ब्रीदर बदलला, बेअरिंग वाचलं. तसेच मोठे टायर चढवले असते तर काही महिन्यांत मागून घरघर सुरू झाली असती आणि मी दोष टायरांना दिला असता.

म्हणून पहिला खर्च न दिसणाऱ्या गोष्टींवर करा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी), पुढचं-मागचं डिफरन्शियल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सगळं नव्याने भरा. तेल सोडायच्या नटाला चुंबक असेल तर तो बोटांवर पुसून बघा. राखाडी मऊ चिकटा असला तर काळजी नाही, धातूचे कपचे निघाले तर आत काहीतरी तुटतंय. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललाच नाही असं धरून चाला.

मग पुढचं एकेक चाक जॅकने उचला, खाली स्टँड लावा आणि चाक हलवून बघा. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग गेलंय, डावी-उजवीकडे धरून हललं तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगचे सांधे. चेसिसवर, विशेषतः चिखल साचून राहतो त्या कोपऱ्यांत, हातोडीने हलके ठोके मारत जा. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला, किंवा पापुद्रे गळाले, तर लिफ्ट किटचा (गाडी उंच करणाऱ्या भागांचा) विचार बाजूला ठेवून आधी तो गंज बघा.

फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर तो खरोखर चालू होतो का, हेही तपासा. कित्येक गाड्यांमध्ये तो लिव्हर वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो आणि आतली यंत्रणा जाम झालेली असते. हाय (नेहमीच्या वेगासाठी) आणि लो (हळू पण जास्त जोरासाठी), दोन्ही लावून बघा, पण माती किंवा खडीवर. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच लावायची यंत्रणा कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून वळलात तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक जायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

वजनाचा हिशेब न करणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती दिसत नाही. प्रत्येक गाडीला कंपनीने एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं, सामान आणि बसवलेल्या ॲक्सेसरीज मिळून किती भार चालेल ते कळतं.

कागदावर मांडून बघा. समजा इंधनासह रिकामी गाडी 2050 किलो आणि मर्यादा 2650 किलो. हातात 600 किलो. चार माणसं 300 किलो, उरले 300. आता लोखंडी बंपर 60, विंच 35, छताचा रॅक 30, छतावरचा तंबू 60, मागचे ड्रॉवर 70, दुसरी बॅटरी 25, चाळीस लिटर पाणी 40, वीस लिटर डिझेलचा कॅन साधारण 17. बेरीज 337. म्हणजे कपड्यांची बॅग, हत्यारं, दोर-पट्टे, काहीही ठेवायच्या आधीच गाडी 37 किलोने मर्यादेबाहेर. यातली एकही वस्तू एकेकटी बघितली तर जास्त वाटत नाही.

वजन कुठे बसलंय हेही तितकंच महत्त्वाचं. बंपर आणि विंच पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लोंबकळत असतात, त्यामुळे तरफेसारखं होऊन पुढच्या ॲक्सलवर त्यांच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार येतो आणि मागची बाजू हलकी होते. छतावरचं वजन तर आडव्या उतारावर गाडी कलली की थेट कलंडायच्या बाजूने काम करतं. मॅन्युअलमध्ये छतासाठी वेगळी मर्यादा असते. त्यात रॅकचंही वजन धरायचं असतं, आणि ही मर्यादा चालत्या गाडीची असते हे लक्षात ठेवा.

जमलं तर प्रवासाचं सगळं सामान भरून, माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. तो आकडा हातात आल्यावरच स्प्रिंग निवडता येतात. लोक उलट करतात: रिकाम्या गाडीला जाडजूड स्प्रिंग लावतात आणि मग दगडी रस्त्यावर आतली माणसं हाडं मोजत बसतात. किंवा साधे लावतात, नंतर बंपर चढवतात, आणि गाडीचं नाक खाली जातं. कायम राहणारं वजन आधी ठरवा, स्प्रिंग नंतर घ्या.

लिफ्ट म्हणजेच ग्राउंड क्लिअरन्स असं समजणं

लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जाते. पोट टेकायचं कमी होतं, चढाला नाक आणि उतारावर शेपूट घासायचं कमी होतं. पण एकसंध ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असेल तर मधला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो, कारण तो चाकांबरोबर जोडलेला असतो. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो, आणि तिथेही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्मीच उंची मिळते.

हिशेब सोपा आहे. 265/70 R17 या टायरची रुंदी 265 मिमी, आणि बाजूची उंची तिच्या 70 टक्के, म्हणजे 185.5 मिमी. ती दोनदा आणि 17 इंची रिम 431.8 मिमी, मिळून व्यास साधारण 803 मिमी. 285/70 R17 चा व्यास साधारण 831 मिमी. फरक 28 मिमी, ॲक्सलखाली मिळालेली उंची फक्त 14 मिमी. त्या बदल्यात स्पीडोमीटर साडेतीन टक्क्यांनी कमी दाखवणार: काटा 100 वर असेल तेव्हा गाडी सुमारे 103.5 ने पळत असेल. चाक जड झालं म्हणून ब्रेकला जास्त कष्ट, आणि गिअर लांब झाल्यासारखे वाटून लो रेंजमध्येही गाडी हळू सरकवणं अवघड. 14 मिलीमीटरसाठी हे परवडतं का, ते तुम्ही ठरवा. मला बऱ्याचदा परवडत नाही.

नुसते स्पेसर (स्प्रिंगला लावायचे ठोकळे) लावून उंची वाढवण्यातही एक मेख आहे. शॉक ॲब्सॉर्बर तोच असल्याने चाक खाली जास्तीत जास्त जिथवर लोंबू शकतं ती हद्द बदलत नाही. गाडी वर बसली, म्हणजे लोंबायला उरलेली जागा तेवढीच घटली. मग चरात चाक लवकर हवेत उचललं जातं, आणि हवेतल्या चाकाने पकड मिळत नाही.

उंची घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. पायऱ्यांसारखे साइड स्टेप काढून टाका. उंचवट्यावरून जाताना बहुतेक वेळा आधी तेच टेकतात. त्यानंतर इंजिनच्या तेलाच्या टाकीखाली जाड धातूची प्लेट लावा. दगड लागणार नाही याची हमी लिफ्टही देत नाही, पण लागला तरी टाकी फुटणार नाही ही सोय प्लेट करते.

टायरच्या बाबतीत

दिसायला भारी म्हणून मड-टेरेन (चिखलासाठीचे, खोल नक्षीचे टायर) घेऊ नका. तुमचं निम्म्याहून जास्त चालणं डांबरी रस्त्यावर असेल तर ऑल-टेरेन बरे. मड-टेरेन ओल्या डांबरावर लवकर घसरतात आणि आवाजही खूप करतात. पाचवं चाक, म्हणजे स्टेपनी, त्याच मापाची घ्या. वेगळ्या व्यासाचं चाक लावून फोर-व्हीलमध्ये चालवणं डिफरन्शियलला मारक आहे. मोठी स्टेपनी गाडीखालच्या जागेत बसते का, हे पैसे देण्याआधी टेप लावून मोजा. चाकं बाहेर काढणारे रिम आणि स्पेसर मी टाळतो. बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं.

खरी जादू टायरच्या हवेत आहे. वाळूत 15 ते 18 पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायर लांब पसरतो आणि रुतणारी गाडी वर तरंगल्यासारखी निघते. वेग कमी ठेवायचा, स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. पक्क्या रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची. यासाठी एक चांगला गेज आणि कॉम्प्रेसर लागतो. माझ्या यादीत हे दोन्ही लिफ्टच्या कितीतरी वर आहेत.

सुटकेची सोय न करता जाणं

इथे मी कळकळीने सांगतो, कारण यात जीव जातात. ट्रेलर जोडायचा गोळा हा अडकलेली गाडी ओढायला नसतो. झटक्याने ओढताना तो तुटला की तोफगोळ्यासारखा समोरच्या गाडीची काच फोडून आत जातो. बंपरखालच्या बारीक कड्यासुद्धा बऱ्याच गाड्यांत वाहतुकीदरम्यान बांधून ठेवण्यापुरत्याच असतात. चेसिसला बोल्टने बसवलेले, भारक्षमता छापलेले रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे लावून घ्या. हे काम लाइटबारच्या आधी.

पट्ट्यांतही फरक असतो. झटक्याने ओढायचा पट्टा ताणला जाणारा असतो, विंचला जोडायचा ताणला जात नाही. दुसरा पहिल्याच्या जागी वापरला तर सगळा झटका धातूवर येतो. विंच घेताना एकूण वजनाच्या दीडपट क्षमता धरतात. 2650 किलोच्या गाडीला साधारण 4000 किलो. ही क्षमता ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थराची असते, वरच्या थरांवर ओढ घटते. ओढताना आसपास कुणी उभं राहायचं नाही.

स्नॉर्केल आणि वायरिंग

स्नॉर्केल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) लावला म्हणजे गाडी पाण्यात पोहायला लागत नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्केलचा एक सांधा जरी सैल असला तरी हे होऊ शकतं. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर नळी लावून वर नेले नसतील तर माझ्या गाडीसारखी गत होते ती वेगळीच.

वायरिंगबद्दल एकच: बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक जाड वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. 180 वॉटचा दिवा 12 व्होल्टवर 15 अँपिअर खेचतो. तो रिलेशिवाय (जास्त करंट पेलणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय), डॅशबोर्डवरच्या बारीक बटणातून चालवला तर आधी बटण वितळतं.

बसवून झाल्यावर गाडी तक्रार करते तेव्हा

लिफ्टनंतर ठरावीक वेगाला गाडीच्या तळातून थरथर येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बिघडलाय. वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, गाडी भरकटत असेल, तर कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झालाय. अलाइनमेंट करा, त्याने भागलं नाही तर कॅस्टर दुरुस्त करणारे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग) लावा. पुढे एकसंध ॲक्सल असलेल्या गाडीत खड्डा लागताच स्टिअरिंग जोरात थरथरू लागलं तर बहुतेकदा कुठला तरी सांधा झिजलेला असतो. स्टिअरिंगला नवीन डॅम्पर (झटके शोषणारा भाग) लावला की ती थरथर फक्त लपते. नवे बुश काही महिन्यांत फाटले तर बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले गेले असण्याची शक्यता मोठी. ते गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे असतात. एबीएसचा दिवा लागला तर चाकापाशी जाणारी सेन्सरची वायर ताणली गेलीय का बघा, आणि तिथेच ब्रेकचा रबरी पाइपही तपासा. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे दिपतात. चाकांचे नट पहिल्या 100 किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने आवळा.

मोठे बदल नोंदणीच्या नियमांत बसतात का आणि विमा कंपनीला चालतात का, हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारून घ्या.

आणि पहिल्या प्रवासाच्या आधी घरासमोर एकदा चाक बदलून बघा, गाडीतल्याच जॅकने, गाडीतल्याच पान्याने. लिफ्ट आणि मोठे टायर झाल्यावर कंपनीचा जॅक पूर्ण वर करूनही बऱ्याचदा चाक जमिनीवरून सुटत नाही. माझा चार बोटं कमी पडला होता. तेव्हापासून मागच्या ड्रॉवरमध्ये लाकडाचा एक जाड ठोकळा असतो.